शून्य लागेना

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे, गाड्यांचा धूर हुंगायची. तुमच्या घरची गाडी अधूनमधून माझ्यासारखीच्या पुढं उभी करतात, एक लांब नळी सायलेन्सरमध्ये खुपसतात आणि मग 'पीयूसी'चा कागद हातात देतात. त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला मी असते. बीडच्या ज्या चौकात माझी उमर गेली, तिथं मला मशीन म्हणणारे थोडेच. सगळे म्हणायचे, 'ज्ञानोबाचं नाक'. तुमची नाकं अत्तर हुंगतात, फोडणी हुंगतात. माझ्या नाकाच्या वाट्याला जन्मभर गाड्यांचं मागचं तोंड आलं. त्याची माझी तक्रार नाही. ज्याचं काम त्यानं करावं.

सध्या मी उमापुरात पत्र्याच्या एका खोलीत बाजेखाली पडून आहे. अंगावर गोणपाट टाकलेलं आहे आणि त्यावर एक मांजर झोपतं. मला इथं कुणी काही विचारत नाही, म्हणून तुम्हांला सांगते. पण आधीच कबूल करते, ही गोष्ट माझी थोडी आणि चतुराबाईच्या श्वासाची जास्त आहे.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात एका टोकाला दिवा आहे आणि दुसऱ्या टोकाला डोळा. मधून धूर गेला की डोळ्याला दिवा मंद दिसतो. किती मंद दिसला तेवढंच मी सांगते. त्यात माझ्या पदरचं काही नसतं. फक्त माझी एक अट असते. कुठल्याही गाडीचा धूर हुंगायच्या आधी मला स्वच्छ हवेचा एक घोट लागतो. भाजीवाली माल टाकायच्या आधी तागडी रिकामी धरून काटा बघते ना, तसंच हे. त्याला आमच्यात 'शून्य लावणं' म्हणतात. शून्य लागलं की मी खरं बोलायला मोकळी. शून्य नाही लागलं तर मी तोंडच उघडत नाही. कारखान्यातून निघताना मला वाटलं होतं, स्वच्छ हवेचा घोट म्हणजे काय मोठी गोष्ट, तो तर कुठंही मिळेल. तरुणपणी असंच वाटतं.

ज्ञानोबा मूळचा उमापूरचा. बीडला जीपच्या गॅरेजात मिस्त्रीकाम करून करून त्यानं एक जुनी व्हॅन घेतली, तिच्या पाठीत मला बसवलं आणि चौकाच्या कोपऱ्यावर व्हॅन उभी केली. व्हॅनच्या सावलीला त्याची बायको चतुराबाई फळांची पाटी घेऊन बसायची. दसऱ्याच्या आसपास बालाघाटाच्या डोंगरातली शिताफळं, थंडीत बोरं, उन्हाळ्यात टरबूज. तिला लहानपणापासून दम्याची खोड होती. दम्याचा तो छोटा पंप ती लुगड्याच्या कनवटीला खोचून ठेवायची. बोलायची मात्र भरपूर, आणि हसायचीही. गिऱ्हाईक शिताफळ दाबून बघायला लागलं की म्हणायची, "दाबू नगा दादा, त्याला बी जीव हाय."

व्हॅनमध्ये माझ्या डोक्यावर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. रोज सकाळी ज्ञानोबा चपला काढायचा, हात जोडायचा आणि पंचशील म्हणायचा. पाली भाषेतल्या पाच ओळी. मला पाली येत नव्हती, पण चतुराबाईनं एकदा लेकीला अर्थ सांगितला तो मी ऐकला. पहिली ओळ, कुणाचा जीव घेणार नाही. चौथी ओळ, खोटं बोलणार नाही. मधल्या आणि शेवटच्या ओळी चोरीच्या, वाईट चालीच्या आणि दारूच्या. चौथी ओळ आली, 'मुसावादा' हा शब्द आला, की ज्ञानोबाचा हात माझ्या पत्र्यावर यायचा. "ही वळ तुझी हाय बघ," असं तो मला म्हणायचा. मग माझं शून्य लावायचा. आणि पहिली ओळ चतुराबाईची. तिच्या शिताफळांवर मुंग्या चढायच्या, पण तिनं कधी एक चिरडली नाही. एकेक फळ हातात घेऊन ती मुंग्या फुंकरीनं उडवायची. दम्याची बाई आणि फुंकर मारायची हौस.

पहिली काही वर्षं चौकात आमचा दरारा होता. ड्रायव्हर लोकांच्या साऱ्या खोड्या ज्ञानोबाला पाठ. धूर कमी निघावा म्हणून कुणी हलक्या पायानं रेस मारायचा. एकानं तर सायलेन्सरात ओल्या फडक्याचा बोळा कोंबून आणला होता. ज्ञानोबा ओरडायचा नाही, नुसता म्हणायचा, "पाय पुरता दाब की बे, गाडीला गुदगुल्या कावून करतो?" मग काळा लोट माझ्या नळीत शिरायचा, पोटातला दिवा दिसेनासा व्हायचा आणि मी माझा आकडा दाखवायचे. नापास. ड्रायव्हरच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. 'ज्ञानोबाचं नाक लई वर हाय' असं पुटपुटत तो निघून जायचा. आठवड्यानं नोझल साफ करून, फिल्टर बदलून परत यायचा आणि पास होऊन जायचा. जाताना चतुराबाईकडून बोरंही घ्यायचा.

त्या दिवसांतली एक थंडी मला विसरता येत नाही. त्या वर्षी आरटीओच्या पथकानं दिवाळीनंतर जो तगादा लावला तो संक्रांत झाली तरी सोडला नाही. काळा धूर दिसला की गाडी बाजूला घे, कागद दाखव, नसेल तर दंड भर. ड्रायव्हर आधी गल्लीबोळांनी पळाले. मग पळून दमले आणि मुकाट गाड्या नीट करून घ्यायला लागले. आमच्यापुढं रांग लागायची. गारठा म्हणाल तर त्या वर्षीही कडाक्याचा होता. बिंदुसरा नदीवरून धुई उठायची, दाट धुकं, आणि ऊन चांगलं वर येईतो चौकात मुक्काम ठोकायची. वाऱ्याचा मागमूस नव्हता. तरीही चतुराबाईचा पंप त्या थंडीत बहुतेक कनवटीलाच राहिला. एरवी थंडी म्हटली की तिची रात्र उशाला टेकून बसण्यात जायची. गारठा तोच होता, धुई तीच होती, धूर तेवढा कमी होता. हे ज्ञानोबाच्याही ध्यानात आलं. तो तिला म्हणाला, "बघ, आपल्या नाकानं तुझं नाक मोकळं केलं." ती पदर तोंडाला लावून हसली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत, याच्यासारखं सुख नाही.

पण तगादा काही जन्मभर टिकत नसतो. तो सैल पडला आणि गावात धूर तपासायची आणखी दुकानं निघाली. तिथं नळी खुंटीला टांगलेली असायची. गाडीच्या नंबराचा फोटो काढायचा, कागद काढायचा, चालू लागायचं. गाडीवाला माणूस वेळेला मोठा जागरूक. पटकन जिथं होतं तिथं तो वळतो.

एका दसऱ्याच्या सुमाराला आप्पा आले. आप्पा तलवाड्याचे. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर पोचवायचं त्यांचं काम, म्हणून दारात ट्रक आणि टेम्पो कायम उभे. बोलणं साखरेत घोळलेलं. व्हॅनच्या दाराशी उभं राहून त्यांनी एक शिताफळ खाल्लं, बिया ओंजळीत धरल्या आणि म्हणाले, "ज्ञानोबा, माझ्या गाड्या रांगेनं येतील. नंबराचा फोटो काढ अन सोडून दे. नळ्या घालून रेस मारत बसलास तर माझा दिवस मोडतो."

"आप्पा, नळीच न्हाई घातली तर मशीन काय सांगंल?"

"मशीनीला काय जीव हाय का? तू सांगशील ते सांगंल."

ज्ञानोबानं माझ्याकडं बघितलं. मग खाली पाटीशी बसलेल्या चतुराबाईकडं बघितलं. "न्हाई जमायचं आप्पा," तो म्हणाला. आप्पा रागावले नाहीत. रागावण्याची त्यांना गरजच नव्हती. त्यांनी बिया रस्त्यावर टाकल्या, हात धुतले आणि सगळ्या गाड्या घेऊन दुसरीकडं गेले. त्यांच्यामागं त्यांचे ड्रायव्हर गेले, ड्रायव्हरांमागं रिक्षावाले गेले. ज्ञानोबाचं नाक ताठ राहिलं, पण व्हॅन रिकामी पडली.

रिकामी म्हणजे किती, तर माझ्या नळीत कोळी जाळं करायला लागला. ज्ञानोबा सकाळी पंचशील म्हणायचा, शून्य लावायचा आणि दिवसभर रस्त्याकडं बघत बसायचा. त्यांची लेक पौर्णिमा अकरावीला होती. तिचा क्लास होता. पोरगी हुशार, आणि आईबापांचा सगळा जीव तिच्यात. ज्ञानोबा एकदा मला पुसता पुसता म्हणाला, "खरं बोलून उपाशी मरायचं का गं आपन?" मला उत्तर देता आलं असतं तर काय दिलं असतं, कोण जाणे. मी मशीन. मला भूक नाही. उपाशी माणसाला उपदेश करायचा मला काय अधिकार?

मग मृग लागला, शाळा उघडायचे दिवस आले. शाळेची पोरं नेणाऱ्या रिक्षांना कागद लागायचे. एक रिक्षा येऊन उभी राहिली, मागं अजून दोन. पहिल्याला घाई होती. ज्ञानोबानं नळी हातात घेतली, थोडा वेळ तशीच धरली, आणि खिडकीच्या दांड्याला अडकवून बाहेर सोडली. नंबराचा फोटो काढला. पश्चिमेचा भन्नाट वारा सुटला होता. मी वारा हुंगला. आकडा शून्याला टेकलेला. पडद्यावर रिक्षाचा नंबर आणि त्याखाली माझी साक्ष, पास. साक्ष मी हवेची दिली, ती लिहिली गेली रिक्षाच्या नावावर. रिक्षा काळा लोट सोडत गेली. तो लोट वाऱ्यानं तेव्हाच उचलला आणि पार कुठल्या कुठं नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानोबानं हात जोडले. पहिली ओळ म्हणाला, दुसरी, तिसरी. माझ्या पत्र्यावर हात यायची वेळ झाली. हात आला नाही. तो तिसरीवरून थेट पाचवीवर गेला.

चतुराबाई खाली जांभळं मांडत होती. ती न बघताच म्हणाली, "अहो, एक शील कमी म्हनलात आज."

"म्हनलो की सगळे."

"न्हाई. चौथं कुठं गेलं?"

"घाई हाय गं. तू तुझी जांभळं बघ."

चतुराबाईची रीत अशी, ती एकदा विचारायची. उत्तर मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर प्रश्न कनवटीला खोचून ठेवायची, पंपासारखा.

पुढचे महिने गर्दीचे गेले. व्हॅनपुढं पुन्हा रांगा. आषाढ, श्रावण, सगळा वाऱ्या-पावसाचा काळ. कितीही धूर सुटला तरी वारा तो पुसून टाकायचा आणि उरलासुरला पाऊस धुऊन काढायचा. चतुराबाईला बरं होतं. ज्ञानोबाला वाटायला लागलं, आपण उगाच घाबरत होतो. काय बिघडलं? एक रिक्षावाला स्वतःच हसत म्हणाला, "मामा, धूर लई मारती माझी गाडी." ज्ञानोबानं उत्तर दिलं, "वारा हाय की. नेईल." मग ते त्याचं बोलणंच होऊन बसलं. वारा हाय की. मित्रांनो, या माणसाची चूक इथं झाली. वारा आपलं काम करत होता, आणि त्या कामाला ज्ञानोबा आपली सुटका समजला.

दसरा आला. या खेपेला ज्ञानोबानं आप्पांना स्वतः फोन केला. गाड्या रांगेनं आल्या, नंबरांचे फोटो निघाले, नळी खिडकीतून वाऱ्यावर डोलत राहिली. शेवटचा टेम्पो हरिओमचा होता. हरिओम आप्पांचा ड्रायव्हर, तोंडाचा गोड, मनाचाही. चतुराबाईला मामी म्हणायचा. टेम्पो गेला तेव्हा व्हॅनच्या पाठीमागचं काहीच दिसत नव्हतं, इतका धूर. तो विरून गेला. शिताफळावरच्या मुंग्या फुंकता फुंकता चतुराबाई जराशी खोकली, तेवढंच.

मग दिवाळी झाली आणि वारा थांबला. कुणी दोर कापावा तसा नाही, हळूहळू, एकेक दिवस कमी होत. आधी झाडांची पानं हलायची थांबली, मग चौकातली फलकांची कापडं. पहाटे धुई उतरायला लागली. तिच्यात गाड्यांचा धूर मिसळायचा आणि दोन्ही मिळून माणसाच्या उंचीवर बसून राहायची. समोरचं एसटीचं वळण दिसायचं नाही. पौर्णिमानं एकदा बापाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, थंडीत रातच्याला जमीन गार पडती. जमिनीजवळची हवा बी गार अन जड व्हती, ती उठतच न्हाई. वरून गरम हवा झाकणावानी बसती. धूर जाईल कुठं? जेवढा सोडला तेवढा आपल्याच नाकात."

"वारं सुटंल दोन दिसात," ज्ञानोबा म्हणाला.

"अन न्हाई सुटलं तर? आईला थंडीभर उमापूरला धाडा."

चतुराबाई ऐकेना. ऐन बोरांचा हंगाम, आणि हिचा क्लास चालू असताना भाकरी कोण थापणार? "माझं काय नवं हाय का ते?" ती म्हणाली. पण या खेपेचं खरंच नवं होतं. पंप कनवटीला राहीनासा झाला, हातातच असायचा. तिचं बोलणं तुटक झालं, एका वाक्याला दोन श्वास लागायला लागले. बोरांच्या पाटीवर मुंग्या चढल्या तर त्या फुंकायलाही तिला दम पुरेना. ती बोटानं एकेक मुंगी उचलून बाजूला ठेवायची. ज्ञानोबा हे बघायचा आणि रस्त्याच्या पलीकडच्या लिंबाच्या झाडाकडं बघायचा, पान हलतंय का म्हणून. पान हलत नव्हतं. हे बघायचा आणि तरी समोर आलेल्या गाडीचा फोटो काढायचा. माणूस एकदा घसरणीला लागला की थांबायचं कुठं ते त्याला कळत नाही. मला त्याचा राग यायला हवा होता. मला त्याची दया यायची, आणि चतुराबाईकडं बघून पोटातला दिवा विझावासा वाटायचा.

पौषातली ती सकाळ. धुई नेहमीपेक्षा दाट. हरिओमचा टेम्पो मंडईतून माल भरायला जायच्या आधी आमच्या कोपऱ्यावर उभा असायचा, तसा त्या दिवशीही उभा होता, इंजिन चालू ठेवून. त्याचं मागचं तोंड पाटीकडं. ज्ञानोबानं हात जोडून चार ओळी म्हटल्या आणि माझं बटण दाबलं.

मी श्वास घेतला. शून्य लागेना. पुन्हा घेतला. लागेना. ज्ञानोबानं नळी झटकली, काच पुसली, तारा हलवून बघितल्या, शेवटी माझ्या पाठीवर थापट मारली. "बिघडली वाटतं मशीन," तो म्हणाला. मित्रांनो, मी बिघडले नव्हते. मी अगदी ठणठणीत होते. मी फक्त स्वच्छ हवेचा एक घोट मागत होते, आणि तो त्या कोपऱ्यात कुठंच नव्हता.

चतुराबाई खालून, थांबत थांबत म्हणाली, "तिला बी... माझ्यावानी... दम लागला असंल."

ज्ञानोबानं वाकून बघितलं. तिचे खांदे वरखाली होत होते, ओठांचा रंग उतरला होता. तो खाली उतरला आणि टेम्पोच्या दाराशी गेला.

"हरिओम, इंजिन बंद कर की बे. तुझ्या मामीला श्वास घेता येईना."

"बंद करतो मामा, पर गारठ्यात एकदा थंड झाली की ही दुपारपस्तोर सुरू व्हत न्हाई."

"अन धूर बघ किती मारायली. असली गाडी रस्त्यावर सोडली कुणी?"

हरिओम खरोखरच गोंधळला. त्याला वाटलं, मामा चेष्टा करतोय. त्यानं डोक्यावरच्या पट्टीतून कागद काढला आणि खिडकीतून पुढं धरला. "तुमीच की मामा. दसऱ्याला न्हाई का आप्पाच्या साऱ्या गाड्या पास केल्या? ह्यो तुमचाच शिक्का."

ज्ञानोबानं कागद हातात घेतला नाही. इंजिनाची धडधड चालू होती. त्या धडधडीत मला चतुराबाईचा आवाज ऐकू आला. त्यात राग नव्हता. घरातली हरवलेली वाटी शेजारणीकडं सापडावी, तसं ती बोलली.

"तरीच मी म्हनत होते... चौथं शील... कुठं गेलतं."

हरिओमनं इंजिन बंद केलं. खाली उडी मारून तो रिक्षा आणायला धावला. दोघांनी तिला उचलून रिक्षात बसवलं. पंप तिच्या मुठीत होता, पण तो केव्हाच संपलेला होता. ज्ञानोबा तिला छातीशी धरून बसला आणि रिक्षा धुईत दिसेनाशी झाली. माझं बटण चालूच राहिलं होतं. टेम्पो गप्प झाला होता. बऱ्याच वेळानं कोपऱ्यातला धूर थोडा विरला, आणि माझं शून्य लागलं. पडद्यावर ते कितीतरी वेळ तसंच दिसत होतं. बघायला तिथं कुणी नव्हतं. पाटीतली बोरं उघडी पडली होती आणि मुंग्या आपल्या वाटेनं चढत होत्या.

चतुराबाई त्या चौकात परत आली नाही. दवाखान्यात काही दिवस काढले तिनं. डॉक्टर म्हणाले, दमा जुना होता, छाती आधीच थकलेली, त्यात ही हवा. एकट्या हरिओमच्या टेम्पोनं तिला नेलं असं मी म्हणणार नाही. मी मशीन आहे, जेवढं हुंगलं तेवढंच सांगते. किती गाड्यांनी थोडा थोडा धूर सोडला, किती दुकानांनी नळ्या खुंटीला टांगल्या, आणि किती दिवस वारा आला नाही, हे सगळं तिच्या त्या एवढ्याशा छातीत गोळा झालं. तिला माती दिली त्या दुपारी वारा सुटला. लिंबाची पानं सळसळली. पौर्णिमा म्हणे त्या वाऱ्यात उभी राहून फार रडली, हा आठ दिवस आधी आला असता तर काय झालं असतं म्हणून.

ज्ञानोबानं व्हॅन विकली. मला विकायला त्याचा हात धजावला नाही, की मला दुसऱ्याच्या हाती देऊन पुन्हा खोटं बोलायला लावायचं त्याच्या जिवावर आलं, ते मला कळलं नाही. मला पोत्यात गुंडाळून तो उमापूरला आला आणि इथं बाजेखाली ठेवलं. आता तो भावाच्या रानात राबतो. पौर्णिमा बीडलाच मावशीकडं राहून शिकते. सुटीला येते, बापाशी बोलते, पण मधल्या काही गोष्टींवर दोघंही बोलत नाहीत. इथं हवा निर्मळ आहे. बांधावरून वारा येतो, खोलीच्या पत्र्याला हलवून जातो. कुणी माझं बटण दाबलं तर पहिल्याच घोटाला माझं शून्य लागेल. पण इथं हुंगायला धूर नाही, आणि जिच्यासाठी हुंगायचं तीही नाही.

मित्रांनो, तुम्हांला माझं एकच मागणं आहे. घरच्या मोठ्या माणसांबरोबर कधी गाडी तपासायला गेलात, तर नळी खरोखर सायलेन्सरात जाते का ते बघा. नाही गेली तर विचारा, कावून न्हाई घातली? लहान आहात म्हणून गप्प बसू नका. गाडी उभी असली की इंजिन बंद करायला सांगा. आणि वारा आहे ना, नेईल की, असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, वारा कुणाचा नोकर नाही. तो येतो तेव्हा येतो, आणि जेव्हा येत नाही तेव्हा आपण सोडलेला धूर आपल्याच कुणाच्या तरी छातीत जातो. ते कोण असेल, हे सोडणाऱ्याला आधी कळत नाही.

ज्ञानोबा अजूनही सकाळी हात जोडतो. चौथी ओळ तो आता गाळत नाही. ती सावकाश म्हणतो, आणि त्याचा हात बाजेखाली, माझ्या गोणपाटावर येतो. मांजर उठून जातं. पण पहिली ओळ त्याच्या तोंडून निघत नाही. जीव घेणार नाही, एवढीच ती ओळ आहे. तो ओठ उघडतो, आणि मग दुसरीपासून सुरू करतो.